खटका

शर्क, कुवेत
११ ऑक्टोबर १९५९

प्रिय मामू यांस,

अस्सलामु अलैकुम. दोन महिने पत्र नाही म्हणून तुम्ही मला नालायक म्हणाला असालच. ते मला इथवर ऐकू आलं असं समजा आणि पुढे ऐका. म्हणजे मुनिराभाभी, तुम्ही पुढे वाचा. मामूंच्या मोतीबिंदूने तुम्हाला चांगलंच कामाला लावलं आहे.

नझीर आणि मी खुशाल आहोत. ऊन उतरलं आहे. तुमचे चिरंजीव जाड झाले आहेत आणि त्याचा दोष माझ्या स्वयंपाकाला देतात.

आता कामाचं. अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, एका शेखच्या पहारेकऱ्यांच्या बारा रायफली दुरुस्तीला घेतल्या आहेत. तुमच्या खडकीच्या आर्सेनलमध्ये होत्या तशा नाहीत. दर गोळीला बोल्ट मागे ओढावा लागत नाही. एक गोळी उडाली की दुसरी आपोआप आत येऊन बसते, आपण फक्त चाप ओढायचा. सगळ्या वाळूने खाल्लेल्या. आम्ही बाराही उघडल्या, धुतल्या, पुर्जे तुमच्या पद्धतीने पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले. झिजलेले काढून नवे घालायचे एवढंच काम. नवे पुर्जे बोटीने आले, मेणकागदात गुंडाळलेले, ग्रीस फासलेले. पिना बसल्या. स्प्रिंगा बसल्या, त्यातली एक उडून नझीरच्या चहात पडली, ती त्याने दाताखाली आल्यावर शोधून काढली.

अडलं आहे ते खटक्यावर. चापाच्या मागे बोटाच्या पेराएवढा तो तुकडा, घोडा अडवून धरणारा. नवा खटका जागेत जातो पण अडकून बसतो, मोकळा हलत नाही. सोबत एक कागद आहे, त्याची भाषा इंग्रजीसुद्धा नाही. अरबाबचा कारकून म्हणतो, माल नवा आहे एवढंच लिहिलंय. मला वाटतं खटके परत पाठवून दुसरे मागवावेत. पण त्याला पाच-सहा महिने जातील, आणि अरबाबने सांगून ठेवलं आहे, की बारा रायफली हातावेगळ्या केल्याशिवाय सुट्टी नाही. नझीरला रमजान ईदला घरी यायचं आहे. लैला दोन वर्षांची झाली आणि त्याने तिचा फोटोच तेवढा पाहिला आहे. काल मला म्हणाला, "आता नाय तर कवा जानार रे? पोर मला चाचा म्हनेल." मग म्हणाला, अब्बांना विचार, ते सांगतील तसं करू.

म्हणून विचारतो. घासून बसवू की परत पाठवू?

तुमचा,
इद्रीस


बाणकोट
२ नोव्हेंबर १९५९

चि. इद्रीस व चि. नझीर यांस,

गफूरचे आशीर्वाद. अक्षर मुनिराचं, शब्द माझे.

इद्रीस, तुझी आई झुलेखा गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. तुला मी खडकीला नेलं, नझीरच्या ताटात वाढलं, दोघांच्या हातात एकाच दिवशी कानस दिली. आणि आज तू मला विचारतोस की खटका परत पाठवू का? सत्तावीस वर्षांत मी एकही पुर्जा परत पाठवला नाही. नवा पुर्जा कधी आपणहून बसतो का? त्याची जागेशी ओळख करून द्यावी लागते, ती कानशीने. नाही तर मिस्त्री कशाला हवा, हमालानेही रायफल जोडली असती.

आता नीट ऐका. मऊ कानस घ्या. सुरुवातीला कानस घसरेल. नव्या पोलादाला मस्ती असते. जोर लावा, मग चावेल. चावली की दोन हात मारा. दोन हात, जास्त नाही. मग तेलाच्या दगडावर फिरवून बसवा. हे 'दोन हात' मी मुनिराला दोनदा लिहायला लावलं आहे, नझीरला तिसरा मारायची सवय आहे म्हणून.

आणि काम झालं की रायफल उडवून बघितल्याशिवाय मालकाला देऊ नका.

लैला माझा चष्मा लावून घरभर फिरते. तिला विचारलं अब्बा कुठे, तर भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवते. ईदला फोटोतला माणूस दारात आलेला तिने पाहिला पाहिजे.

तुमचा,
गफूर

इद्रीसभाई, यांना सांगा, कापड आणू नका, नुसते या. — मुनिरा


कुवेत
१९ डिसेंबर १९५९

मामू,

तार मिळाली असेल. तारेत सहा-सात शब्द मावतात. बाकीचं मला लिहायला हवं. गेले नऊ दिवस मी कागद घेऊन बसतो आणि उठतो.

गुरुवारी, दहा तारखेला, आम्ही बाराही रायफली मोटारीत घालून खैरानच्या बाजूला वाळूत गेलो. तिकडे खाडीकाठी मैलोन्मैल माणूस नसतं. नझीर खुशीत होता. अकरा रायफली उडवून झाल्या. बारावी माझ्या हातात होती. मी वीस-पंचवीस गोळ्या उडवल्या, सगळ्या ठीक. मग निशाणाचा डबा पडला म्हणून तो उभा करायला नझीर पुढे गेला. मी थांबलो होतो. रायफल भरलेली होती आणि माझं बोट चापावर होतं, मामू. तो डबा ठेवून वळला आणि माझं बोट दाबलं गेलं.

गोळी छातीत लागली. मोटारीत घालून शहराच्या सरकारी दवाखान्यात आणलं, पण वाटेतच तो गेला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर मय्यत झाली. आपल्या कोकणातली चाळीसेक माणसं होती. कबरीवर मी दगड ठेवला आहे. सावली नाही तिथे.

पोलिसांनी मला दोन दिवस ठेवलं, मग अपघात म्हणून सोडलं. त्यांनी सोडलं, पण तुम्ही सोडा असं मी म्हणणार नाही. तुम्ही दिलेल्या ताटात जेवलो आणि तुमचा मुलगा मारला. याच्यापुढे काय लिहू?

इद्रीस


बाणकोट
८ जानेवारी १९६०

इद्रीस,

पत्र पोचलं. मुनिराने वाचलं. अर्ध्यावर उठून पाणी पिऊन आली, मग पुन्हा वाचलं. तू लिहितोस त्याची किंमत कोणाला मोजावी लागते ते तुला कळावं म्हणून सांगतो. तिची विधवेची इद्दत चालू आहे, उंबरठा ओलांडता येत नाही, आणि घरात बोलायला मी आंधळा म्हातारा आणि एक दोन वर्षांची पोर.

बोट चापावर? भरलेली रायफल, समोर माणूस, आणि बोट चापावर? खडकीला दहा वर्षांचा होतास तेव्हा मी तुझ्या बोटावर रूळ मारला होता. त्यानंतर चुकून तरी तुझं बोट चापावर गेलं होतं का? तेव्हा कळत होतं आणि आता कळलं नाही?

मला झोप नाही. रात्रंदिवस तीच रायफल उघडतो आणि जोडतो. एक गोष्ट मला सांग आणि खरी सांग. खटका कसा बसला होता? घोडा धरत होता की नाही? मला माझ्या मुलाची शपथ घालायची होती, पण आता ती कशी घालू?

गफूर


कुवेत
२५ जानेवारी १९६०

मामू,

खटका अगदी चोख बसला होता. बाराही बसले होते. तुम्ही सांगितलं तसंच केलं आणि त्यात काही खोट निघाली नाही. पोलिसांच्या मिस्त्रीनेही रायफल उघडून पाहिली, तोही हेच म्हणाला. दोष माझ्या बोटाचा. हे तुम्ही दहा वेळा विचारलंत तरी मी दहा वेळा सांगेन.

मी ते काम सोडलं. अहमदीला तेलाच्या पाइपांवर फिटर लागलो आहे. बंदुकीला पुन्हा हात लावणार नाही. नझीरची पेटी, कपडे आणि घड्याळ अशरफ नावाच्या दाभोळच्या माणसाबरोबर पाठवतो आहे.

माझ्यावर खुशाल रागवा. ते मला समजतं.

इद्रीस


बाणकोट
६ मार्च १९६०

इद्रीसभाई,

हे पत्र अब्बांच्या नकळत लिहिते आहे. उत्तर शेजारच्या नूरबानूच्या नावावर पाठवा, ती मला आणून देईल.

रमजानच्या पहिल्या रोज्याच्या दिवशी फारूक आला. आपल्या आळीतला, तुमच्याबरोबर शर्कला राहायचा तो. नऊ डिसेंबरला तिथून सुटलेल्या बोटीने तो मुंबईला उतरला आणि आपल्या गावच्या जमातीच्या खोलीवर विषमज्वराने अडीच महिने पडून होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. दारातूनच हसत ओरडला, "भाबी, नझीरनी चिट्टी दिलीया, आनि पोरीला बावली!" मी पडद्याआडून हात पुढे केला. अब्बा ओटीवर होते. त्यांनी त्याला सांगितलं. तो तिथेच खाली बसला.

पत्र यांचं होतं. बोट सुटायच्या आदल्या रात्री लिहिलेलं. अब्बा म्हणाले, वाच. मी वाचत होते आणि डोळे दोन ओळी पुढे पळत होते, म्हणून बरं झालं. मधे हे होतं:

'अब्बा, इद्रीस तयार नव्हता. म्हणत होता परत पाठवू, सुट्टी गेली तर गेली. मी तुमचं पत्र त्याच्या नाकासमोर धरलं, मुनिराने दोनदा लिहिलेलं. मग गप्प झाला. तुम्ही म्हणालात तसंच झालं, कानस घसरत होती, जोर लावल्यावर चावली. पण एकदा चावल्यावर आतलं लोखंड इतकं मऊ लागलं की दुसऱ्या हाताला मलाच हात आवरावा लागला. बाकी बसलेत लोण्यासारखे.'

हे मी वाचलं नाही. त्याच्या आधीच्या वाक्यावरून लैलाच्या बाहुलीवर उडी मारली. का मारली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मला लोखंडातलं काय कळतं? पण 'मुनिराने दोनदा लिहिलेलं' हे शब्द दिसले आणि माझी जीभ अडली.

अब्बा म्हणाले, चांगलं पत्र आहे. पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं आणि पुन्हा तिथे उडी मारली. आता रोज रात्री तरावीहच्या नमाजला जायच्या आधी वाचून घेतात. रोज मी तेच करते. पाठ झालं आहे मला, गाळलेलं सुद्धा.

इद्रीसभाई, तुमचं बोट चापावर होतं का? अब्बा तुम्हाला शिव्या देतात आणि मग स्वतःशीच म्हणतात, पण ते पोर तसं नव्हतं. तीन महिने मीही तुम्हाला शाप दिले. नमाजच्या चटईवर बसून दिले. जर ते चुकीच्या माणसाला दिले असतील तर मला कळलं पाहिजे.

मुनिरा


अहमदी, कुवेत
१८ मार्च १९६०

मुनिराभाभी,

तुम्ही विचारलं नसतं तर मी मेलो तरी सांगितलं नसतं.

बोट चापावर नव्हतं. रायफल मी तिरकी, जमिनीकडे धरली होती. नझीर डबा ठेवून परत येत होता. मी त्याला हाक मारली, की चल, शेवटची राहिली, आणि रायफल उचलताना दस्ता माझ्या कमरेच्या पट्ट्याला नुसता लागला. तेवढ्या धक्क्याने घोडा सुटला. पोलिसांच्या मिस्त्रीने खटका काढून मला दाखवला. त्या खटक्यांना वरून पातळ कडक साल असते आणि आत मऊ लोखंड. साल कानशीने गेली होती. वीस-पंचवीस गोळ्यांत आतलं मऊ टोक झिजून गोल झालं होतं. तो न वाचलेला कागदही त्याने वाचून दाखवला. घट्ट बसला तर घासू नका, बदलून घ्या, असं त्यात होतं. उरलेल्या अकराही रायफली मी स्वतः उघडून खटके काढून दिले आणि मगच काम सोडलं.

मामूंनी चुकीचं सांगितलं नव्हतं. त्यांच्या काळचा पुर्जा आतबाहेर एकाच पोलादाचा असायचा. तो कानशीनेच बसायचा. आणि माझी चूक काही कमी नाही. मला शंका होती आणि मी गप्प बसलो, कारण नझीरचा चेहरा बघवत नव्हता. त्याला ईदला यायचं होतं. तेव्हा शाप वाया गेले असं समजू नका.

तुम्ही अक्षर काढलंत, एवढंच. कोणी सांगितलेलं लिहून देणाऱ्याचा त्यात काय गुन्हा? पण मी हे शंभर वेळा लिहिलं तरी तुम्ही मानणार नाही, हे मला माहीत आहे.

मोटारीत तो शुद्धीवर होता थोडा वेळ. पाणी मागितलं. मग म्हणाला, "अब्बांना खटक्याचं सांगू नको." त्याला पडल्यापडल्याच समजलं होतं, मिस्त्रीचा मुलगा तो. म्हणून बोटाची गोष्ट मी रचली. ती त्याने सांगितलेली शेवटची कामगिरी आहे असं समजतो.

तुम्ही ती ओळ गाळलीत ते योग्य केलंत. तशीच गाळत जा. मामूंना वाटू दे की मीच मारला. म्हातारा माणूस रागावर जगू शकतो. ते दुसरं समजलं तर एक दिवस जगणार नाहीत. हे पत्र चुलीत घाला.

इद्रीस


बाणकोट
२ एप्रिल १९६०

चि. इद्रीस यास,

गफूरचे आशीर्वाद. अक्षर वेगळं दिसेल. हे मराठी शाळेचे महबूब गुरुजी लिहीत आहेत. मी त्यांच्याच पडवीत बसलो आहे. ते माझे जुने स्नेही आहेत, आणि इथलं ते इथेच राहील असा त्यांनी मला शब्द दिला आहे.

ईद झाली. नमाजहून घरी आलो आणि वाटलं, आज नझीरचं पत्र आणखी एकदा ऐकावं. पण मुनिरा सणाच्या दिवशी आत तोंड झाकून पडली होती, तिला कसं उठवू? म्हणून ते पत्र खिशात घालून काठी टेकत गुरुजींकडे आलो. तिला बाहेर पडता येत नाही, तेव्हा तिला पत्ता लागला नाही. गुरुजी वाचू लागले. निम्म्यावर त्यांनी अशी एक ओळ वाचली जी मी महिनाभर रोज पत्र ऐकूनही कधी ऐकली नव्हती.

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी वाचलं. आतलं लोखंड मऊ लागलं.

बाळा, कडक पोलाद आत मऊ निघत नाही. निघालं तर त्याची साल गेलेली असते. हे मला सांगायला कोणा मिस्त्रीची गरज नव्हती. नझीरने समोर उभं राहून सांगितलं असतं तर मी ओरडलो असतो, ठेव ती कानस खाली. पण मी बाणकोटात होतो आणि तो माझं पत्र हातात धरून बसला होता.

तुझं बोट चापावर नव्हतं. ते मी त्याच दिवशी ओळखायला हवं होतं. ते बोट मीच घडवलं होतं. पण मला कोणीतरी हवं होतं रागवायला, आणि तू आपणहून पुढे आलास. तुला काय काय बोललो मी! तुझ्या मेलेल्या आईचं नाव काढून बोललो, ते तुला पत्रात लिहिलं नाही एवढंच. मला माफ कर. हे शब्द मी आयुष्यात कोणाला म्हटलेले नाहीत, गुरुजींना विचार.

माझ्या मुलाला मी मारलं. दोन हात मारून.

आता तुला एक सांगायचं आहे आणि ते ऐकायलाच हवं. मुनिराला मी हे कळू देणार नाही. ती रोज माझ्यासमोर बसून ती ओळ गाळते. आता मला कळतं कुठे गाळते, तिथे श्वास घेते. तिला वाटतं, तिने म्हाताऱ्याला वाचवलं. नवरा गेला, हाताने लिहिलेले ते शब्द रोज डोळ्यांपुढे येत असतील, आणि त्या सगळ्यात हे एकच काम तिच्या हातून चांगलं झालं असं तिला वाटतं. तेवढ्यावर ती सकाळी उठते, भाकऱ्या थापते, लैलाची वेणी घालते. मला सगळं ठाऊक आहे असं तिला कळलं तर ती कशावर उठेल?

म्हणून त्या दिवशी घरी जाऊन मी तुला पुन्हा शिव्या दिल्या. मोठ्याने दिल्या, तिला ऐकू जातील अशा. यापुढेही देत राहीन. तिच्यासमोर तुझं नाव चांगल्या शब्दांत निघालं तर ती हुशार आहे, लगेच ओळखेल. तेव्हा मी जिवंत आहे तोवर तू बाणकोटला येऊ नकोस. माझ्या मय्यतीला ये. लोक तुला अडवतील. गुरुजी तेव्हा हयात असले तर ते सांगतील काय सांगायचं ते.

इथे पडवीत बसून तुला दुवा देतो आहे. अल्ला तुला सुखात ठेवो, लग्न कर, मुलं होऊ देत. झुलेखाचा मुलगा माझ्या घरातून हाकललेला मरता कामा नये, असं मला वाटत होतं आणि मीच तुला हाकलतो आहे.

गुरुजींची पेन्शन झाली. ते सोमवारी श्रीवर्धनला आपल्या गावी जातील, मग मला लिहून देणारं आणि वाचून दाखवणारं तिच्याशिवाय कोणी नाही. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. आलं तर ते तिलाच वाचावं लागेल.

तुझा मामू,
गफूर